मोटारीचा शेवटचा मालक

जव्हारच्या एस. टी. स्थानकाबाहेर सकाळच्या प्रहरी घटकाभर उभे राहावे. मोखाडा, खोडाळा, विक्रमगड असा पुकारा करीत ज्या जीपा आणि मोटारी तेथे माणसांची वाट पाहत असतात, त्यांतील फारच थोड्या नव्या कोऱ्या तेथे आलेल्या असतात. कोणी मुंबईत दहा वर्षे कचेरीची वाट तुडवून आलेली असते, तर कोणी नाशिकच्या एखाद्या व्यापाऱ्याची सेवा करून उतरलेली असते. पहिले मालक तिला केव्हाच विसरून गेलेले असतात. परंतु तिची खरी चाकरी येथेच सुरू झालेली असते. आठवड्याचा बाजार, दवाखाना, तहसील कचेरी, आश्रमशाळेत सोडावयाची मुले, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या वाटेला लागणारी बिऱ्हाडे, ही सारी वाहतूक एस. टी.च्या जोडीने ही उतारवयातील वाहने करीत असतात. म्हणून एखादी मोटार खरोखर कशी आहे, याचा निवाडा पहिल्या मालकाच्या साक्षीवर करून चालत नाही. त्यासाठी शेवटच्या मालकाचे दार ठोठवावे लागते. आणि हा शेवटचा मालक पुष्कळदा जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत राहत असतो.

विजेच्या मोटारीविषयी आज जी चर्चा चालू आहे, तीत या शेवटच्या मालकाचे नावही कोठे निघत नाही. नवी गाडी केवढ्याला पडते, एका भरणीत किती किलोमीटर जाते, पेट्रोलच्या मानाने महिन्याकाठी किती पैसे वाचतात, याचे हिशेब शहरातील घराघरांतून मांडले जात आहेत. ते मांडणे योग्यच आहे. परंतु आठ-दहा वर्षांनी त्या गाडीची बॅटरी थकल्यावर ती बदलण्याचा खर्च कोणी आणि कसा सोसावयाचा, हा प्रश्न विचारला की सगळीकडे शांतता पसरते. ही शांतता आता परवडणारी नाही, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली नवे विद्युत् वाहन धोरण जाहीर केले. ते २०३० सालच्या मार्चअखेरपर्यंत चालावयाचे आहे. खरेदीच्या किमतीत सूट, मोटार वाहन करात माफी, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे पथकरातून सुटका, अशा सवलती त्यात आहेत. हवा स्वच्छ राहावी, परदेशी तेलावर खर्च होणारे चलन वाचावे, या हेतूंशी कोणाही विचारी माणसाचे भांडण असण्याचे कारण नाही. पण या सवलतींकडे जरा बारकाईने पाहिले, तर सूट नव्या गाडीला आहे, करमाफी नोंदणीच्या वेळी आहे, आणि पथकर ज्या रस्त्यांवर माफ झाला आहे त्यांतील एकही रस्ता जव्हारला जात नाही. सरकारी तिजोरीची सारी माया गाडीच्या जन्मोत्सवावर उधळली जाते. तिच्या म्हातारपणाची तरतूद कोणीच केलेली नाही.

आणि ते म्हातारपण आता फार दूर नाही. आपल्या देशात विजेच्या मोटारी तशा नव्या नाहीत. बंगळुरूची 'रेवा' २००१ साली रस्त्यावर आली. तिच्यातील शिशाच्या बॅटऱ्या काही वर्षांतच बदलाव्या लागत. २०१० साली महिंद्रांनी ती कंपनी घेतली, २०१३ साली लिथियमच्या बॅटरीवर चालणारी 'ई-टू-ओ' काढली, आणि २०१९ च्या सुमारास तीही बंद झाली. कारखान्याने उत्पादन थांबविले म्हणून लोकांच्या दारातील गाड्या नाहीशा होत नाहीत, हा धडा तेव्हाच मिळावयास हवा होता. पण त्या गाड्या संख्येने थोड्या होत्या, म्हणून तो कोणी घेतला नाही. यापुढची गोष्ट निराळी आहे. टाटांची 'नेक्सॉन' विजेवर चालणाऱ्या स्वरूपात २०२० सालच्या जानेवारीत विक्रीस आली. ३०.२ युनिट वीज साठविणाऱ्या तिच्या बॅटरीला आठ वर्षांची अथवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची हमी होती. म्हणजे २०२८ सालापासून पहिल्या गाड्या हमीच्या छत्राखालून बाहेर पडू लागतील, आणि त्यानंतर प्रत्येक वर्षी त्यांच्यामागून अधिकाधिक गाड्या येतील. शहरातला माणूस हमी संपण्याच्या आधीच गाडी विकतो. तोच त्याचा व्यवहार असतो. ती गाडी मग जाणार कोठे?

येथे बॅटरीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मोटारीची बॅटरी म्हणजे एकसंध डबा नव्हे. शेकडो, क्वचित हजारो लहान सेल एकमेकांस जोडून तिचे भाग केलेले असतात, आणि ते भाग एका पेटीत बसवून वर एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी नेमलेला असतो. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक थकला म्हणजे उरलेल्यांना त्याच्याच चालीने चालावे लागते. तसेच ओळीने जोडलेल्या सेलांचेही आहे. त्यांतील एखादा दुबळा झाला की पहारेकरी साऱ्या संचालाच आवर घालतो. म्हणजे पुष्कळदा सगळी बॅटरी मेलेली नसते, तिचा एखादा भाग आजारी असतो. बैल थकला तर शेतकरी दुसरा बैल आणतो. गोठा मोडून टाकीत नाही. परंतु मोटारीच्या बाबतीत मात्र पेटी सीलबंद, आतील माहिती कंपनीच्या कुलपात, आणि उपाय एकच: सबंध संच बदला!

जव्हारच्या घाटात याचा अर्थ काय होतो, तो हिशेबाने पाहू. मुंबईपासून जव्हार सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. माणसांसकट १,७०० किलो वजनाची गाडी तेवढ्या उंचीवर चढविण्यासच, रस्त्याची घासण व वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवून, दोन युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते. उतरताना तिच्यातील काही परत मिळते, सारी मिळत नाही. वर सांगितलेली गाडी नवेपणी कागदावर ३१२ किलोमीटर जात असे. प्रत्यक्ष रस्त्यावर ते दोनशे धरू. बॅटरीची शक्ती सत्तर टक्क्यांवर आली की उरतात एकशे चाळीस. मुंबईहून निघालेली अशी गाडी जव्हारची वेस गाठण्यापूर्वीच हात टेकील. ती जव्हारातच धंद्याला लावली, असे समजा. तेथून मोखाडा वीस-पंचवीस किलोमीटर. दिवसाला जाऊन-येऊन तीन खेपा म्हटल्या तरी चढउताराचे दीडशे किलोमीटर भरतात. शहरात जी गाडी 'अजून चांगली आहे' म्हणून विकली गेली, ती येथे तिसऱ्या खेपेला निरुपयोगी ठरते.

मग बॅटरी बदलावी. तिला केवढा खर्च येतो? जगाच्या बाजारात बॅटरी स्वस्त होत आहे, हे खरे. ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०१० साली एक युनिट साठविणाऱ्या बॅटरीस एक हजार डॉलरांहून अधिक पडत; २०२४ साली हा सरासरी दर ११५ डॉलरांवर आला. या भावाने ३०.२ युनिटांच्या संचाची किंमत, डॉलरला ८५ रुपये धरता, सुमारे २ लाख ९५ हजार रुपये होते. पण हा झाला कारखान्यांनी घाऊक खरेदी करण्याचा भाव. सुटा संच आणण्याचे भाडे, विक्रेत्याचा नफा, बसविण्याची मजुरी, या गोष्टी त्यावर चढावयाच्याच. हे सगळे चढल्यावर अखेरचा आकडा किती, ते ग्राहकाला आधी कळण्याची सोय नाही. कारण नव्या मोटारीची किंमत जशी जाहिरातीत छापतात, तशी सुट्या बॅटरीची छापीत नाहीत. आठ वर्षांची गाडी समजा चार लाखांस मिळाली, तर जवळपास तेवढीच रक्कम पुन्हा बॅटरीपायी मोजावी लागणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या पूर्वजांनी जणू याच व्यवहारासाठी घडविली असावी.

या मसाल्यावर सरकारची फोडणी निराळीच आहे. विजेच्या नव्या मोटारीवर वस्तू व सेवा कर २०१९ सालच्या ऑगस्टपासून पाच टक्के आहे. त्या मोटारीच्या पोटात बसून जी बॅटरी येते, तिच्यावरही अर्थात् तोच पाच टक्के कर पडतो. पण तीच बॅटरी सुटी घ्यावयास गेले की कर अठरा टक्के! वर धरलेल्या भावाने नव्या गाडीतील बॅटरीचा कर सुमारे पावणेपंधरा हजार येतो, तर जुन्या गाडीसाठी घेतलेल्या त्याच बॅटरीचा कर सुमारे त्रेपन्न हजार होतो. हा अडतीस हजारांचा फरक कोणाच्या खिशातून जातो? ज्याला नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, त्याच्या! स्वच्छ हवेसाठी श्रीमंताने मोटार घेतली तर तिला उत्तेजन, आणि गरिबाने तीच मोटार चालू ठेवली तर तिच्यावर दंड. करशास्त्राचे हे तर्कट कोणी समजावून सांगितले, तर आम्ही त्याचे ऋणी राहू.

कोणी म्हणेल की बदलावयाचीच आहे, तर अधिक ताकदीची आधुनिक बॅटरी घालावी, म्हणजे जुनी गाडी नवीपेक्षा सरस होईल. कल्पना मोहक आहे. व्यवहारात ती तितकी सोपी नाही. पेटीची जागा ठरलेली, वजन ठरलेले, पहारेकऱ्याची भाषा त्या त्या कंपनीची. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने आपल्या मर्जीने फेरफार करू नये. मान्यताप्राप्त संच आणि परवानगी यांवाचून केलेला बदल बेकायदेशीर ठरतो. हे बंधन सुरक्षिततेसाठी आहे आणि ते सैल करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण मान्यताप्राप्त संच बाजारात मिळतच नसतील, तर कायदा पाळणाऱ्या माणसाने काय करावे?

डिझेलच्या जुन्या जीपेशी याची तुलना केली म्हणजे या तालुक्यांची अडचण नीट ध्यानात येते. जीपेचे दुखणे थोडे थोडे येते आणि औषधही थोडे थोडे करता येते. या महिन्यात क्लच, भात विकल्यावर टायर, पुढल्या हंगामात इंजिनाचे काम. गावातला मिस्त्री उधारीवर हात लावतो आणि भंगारातून एखादा भाग पैदा करतो. हंगामावर जगणाऱ्या माणसाला हीच रीत झेपते. विजेच्या गाडीची रोजची किरकोळ दुखणी फार कमी. तिला ना तेल बदलावयाचे ना गाळणी. परंतु तिचे एकच मोठे दुखणे एकदम येते आणि तीन-साडेतीन लाख रोख मागते. नागली, वरई आणि पावसाळी भात यांच्यावर ज्याचा संसार, त्याने ही रक्कम कोठून काढावी? सौरदिव्यांचे खांब ज्यांनी खेडोपाडी पाहिले आहेत, त्यांना या संकटाचा नमुना अपरिचित नाही. वरची पट्टी शाबूत, दिवा शाबूत. आतली बॅटरी मेली आणि दुसरी आली नाही, की तो दिव्याचा खांब राहत नाही, गुरे बांधण्याचा खांब होतो.

आमच्या या प्रतिपादनावर निर्मात्यांचे जे आक्षेप आहेत, त्यांतही तथ्य आहे आणि ते सांगितले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हमी संपली म्हणून बॅटरी दुसऱ्या दिवशी मरत नाही. पुष्कळ बॅटऱ्या भाकितांपेक्षा अधिक टिकत आहेत. हे खरे आहे. पण कोणती टिकेल आणि कोणती नाही, हे विकत घेणाऱ्यास कळण्याचे साधन कोठे आहे? घोडा घेताना निदान त्याचे दात मोजता येतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बॅटरीची पेटी कोणीही उघडू लागला तर अनर्थ ओढवेल, असे ते म्हणतात. २०२२ सालच्या सप्टेंबरात याच पालघर जिल्ह्यात, वसईस, घरी भरणीस लावलेली दुचाकीची बॅटरी फुटून सात वर्षांचे एक मूल दगावले. ती आठवण विसरण्यासारखी नाही. परंतु या दुर्घटनेतून निघणारा धडा कोणता? अधिकृत दुरुस्ती महाग आणि दूर ठेवली की लोक दुरुस्ती सोडून देत नाहीत. ते स्वस्त आणि जवळच्या धोकादायक हातांकडे वळतात. म्हणूनच शिकलेले हात जव्हारला हवेत.

हे अशक्य आहे, असेही नाही. निस्सान कंपनीने अमेरिकेत २०१४ साली आपल्या 'लीफ' मोटारीच्या बॅटरीचा दर उघडपणे जाहीर केला: जुनी परत द्या आणि ५,४९९ डॉलरांत नवी घ्या. २०१८ साली जपानमध्ये तिने याहून महत्त्वाचे पाऊल टाकले. परत आलेल्या जुन्या संचांतील सशक्त भाग निवडून त्यांचे पुन्हा संच जुळविण्याचा कारखाना तिच्या भागीदार कंपनीने काढला, आणि नवी बॅटरी साडेसहा लाख येनांना असता ही जुळविलेली बॅटरी तीन लाख येनांना देऊ केली. म्हणजे निम्म्याहून कमी किंमत! हा कारखाना तोक्योत काढला नाही. २०११ सालच्या अणुभट्टीच्या अपघाताने उजाड झालेल्या फुकुशिमा प्रांतातील नामिए गावी तो उभा राहिला. युरोपातील राष्ट्रसंघाने तर असा कायदा केला आहे की, २०२७ सालच्या फेब्रुवारीपासून मोटारीच्या प्रत्येक नव्या बॅटरीबरोबर तिचे 'पारपत्र' असावे आणि तिची प्रकृती त्यावरून कळावी. आपल्याकडे बॅटरीला आधारसारखा स्वतंत्र क्रमांक देण्याची कल्पना दिल्लीत पुढे आली आहे. कल्पना चांगली आहे; ती फायलीत म्हातारी होऊ नये म्हणजे झाले.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट कराची. मोटारीतील बॅटरी आणि मोटारीसाठी घेतलेली बॅटरी यांवर एकच पाच टक्के कर असावा. वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राचा आवाज लहान नाही. तो या कामी ऐकू यावा. दुसरी गोष्ट सत्याची. विजेची जुनी गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर चढताना बॅटरीच्या उरलेल्या शक्तीचा तपासलेला दाखला जोडणे सक्तीचे करावे. पेट्रोलच्या गाडीला धुराचा दाखला लागतो. बिनधुराच्या गाडीला शक्तीचा दाखला का नको? तिसरी गोष्ट निर्मात्यांची. सुट्या संचाचे आणि त्याच्या भागांचे दर त्यांनी जाहीर करावेत, गाडीचे उत्पादन बंद झाल्यावरही ठराविक वर्षे ते पुरवावेत, आणि जुन्या बॅटरीचे योग्य मोल वजा करून द्यावे. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेलीच आहे. जे गोळा करणे त्यांना भाग आहे, त्याची किंमत मालकाला मिळू नये, हा कोठला न्याय?

चौथी गोष्ट हातांची आणि पैशांची. जव्हारात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे बॅटरी तपासण्याचे व सुरक्षितपणे भाग बदलण्याचे शिक्षण सुरू करावे. त्यासाठी लागणारी हत्यारे आणि माहिती देण्याचे बंधन कंपन्यांवर असावे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी मुलांना वीटभट्टीखेरीज दुसरा रोजगार द्यावयाचा आहे, असे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. हा त्यांपैकी एक आहे. आणि नव्या मोटारींसाठी ठेवलेल्या अनुदानातील काही हिस्सा आदिवासी तालुक्यांत प्रवासी वाहतूक करणाऱ्या जुन्या विद्युत् वाहनांच्या बॅटरीसाठी राखून ठेवावा. उरलेली रक्कम हंगामी हप्त्यांच्या कर्जाने भागेल. सुखवस्तू कुटुंबाची दुसरी मोटार स्वस्त करण्यापेक्षा मोखाड्याची एक खेप चालू ठेवणे हा सार्वजनिक पैशाचा अधिक चांगला विनियोग होय.

मोटारीतून काढलेली बॅटरीही टाकाऊ नसते. तीस युनिटांच्या संचाची शक्ती सत्तर टक्के उरली तरी ती एकवीस युनिटे होते. आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर सौरपट्ट्या असल्या, तर पावसाळ्यात वीज गेल्यावर तेवढ्या साठ्यावर तेथील दिवे आणि लसींचे शीतकपाट एक-दोन दिवस चालू राहू शकते. गाडीला जे अपुरे, ते दवाखान्याला पुष्कळ असते. अर्थात् हेही तज्ज्ञाने तपासून आणि जबाबदारी घेऊन केले पाहिजे. निकामी डबे 'भेट' म्हणून पाड्यांवर नेऊन टाकण्याचा नवा दानधर्म कोणी सुरू करू नये.

शेवटी एका जुन्या हिशेबाची आठवण मुंबईकर वाचकांस करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ २०१४ साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले. त्यातून दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईस मिळावे, अशी ती योजना. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. तेव्हा आपण पुष्कळ वचने दिली. त्यांतील किती पाळली, याचा ताळेबंद येथे मांडीत नाही. आता शहर आपली हवा स्वच्छ करावयास निघाले आहे आणि त्यासाठी विजेची मोटार आणीत आहे. अवश्य आणावी! परंतु जिचे पाणी आपण पितो, त्या मुलुखाला आपल्या स्वच्छतेची वर्गणी भरावयास लावू नये. ज्या तालुक्याने शहराला भरलेले धरण दिले, त्याला शहराने रिकामी बॅटरी पाठवू नये.